निधी, मौज आणि जमाखर्च

मुळशी तालुक्यातील विद्यापीठे, महाविद्यालये आणि माध्यमिक विद्यालये यांतील समस्त विद्यार्थी-प्रतिनिधींस,



पावसाळा ओसरून भाताच्या खाचरांवर पिवळेपणा चढू लागला, की आपल्या तालुक्यात आणखी एका सुगीची चाहूल लागते, आणि ती म्हणजे आपल्या संस्थांतून निघणाऱ्या निधी-संकलनाच्या उपक्रमांची. चांदणी चौक मागे टाकून पौडच्या रस्त्याला लागावे, तो भूगावापासून पिरंगुटापर्यंत ठिकठिकाणी रंगीत फलक दिसू लागतात. कोठे खाऊगल्ली, कोठे गाण्याची रात्र, कोठे पहाटेची दौड, आणि प्रत्येक फलकाच्या तळाशी, बहुधा सर्वांत बारीक अक्षरांत, मुळशीतील गरजू मुलांच्या साहाय्यार्थ अशी एक ओळ. ती ओळ ज्यांच्याविषयी असते त्यांच्या शेजारात माझी हयात गेली असल्यामुळे, आणि पोटापाण्याचा उद्योग म्हणून मी सरकारी कचेरीत कीर्द-खतावणी लिहीत आलो असल्यामुळे, या विषयावर चार शब्द बोलण्याचा थोडासा अधिकार मला पोहोचतो असे समजून हे पत्र उघडपणे लिहीत आहे.

प्रथम एक शंका फेडून टाकतो. एखादा निवृत्त कारकून तरुणांना उद्देशून पत्र लिहू लागला, की तो आता त्यांच्या मौजेवर घसरणार आणि दानधर्म कसा गंभीर चेहऱ्याने करावयाचा असतो याचे प्रवचन झोडणार, असा ग्रह होणे स्वाभाविक आहे. माझे मत नेमके उलट आहे. ज्या कार्यासाठी पैसा गोळा करावयाचा ते कितीही करुण असो, गोळा करणाऱ्याने दुर्मुखलेले असावे असे कोणत्याही शास्त्रात लिहिलेले नाही. आणि आपल्या महाराष्ट्रात तर लोकांना आनंद देऊन सत्कार्याला पैसा जमविण्याची परंपरा इतकी जुनी आणि इतकी सुसंस्कृत आहे, की तिची माहिती नसल्यामुळेच आपण परदेशी महाविद्यालयांच्या उपक्रमांची जशीच्या तशी नक्कल करीत बसतो, एवढीच माझी तक्रार आहे.

१९२१ हे साल मुळशीकराला विसरता येण्याजोगे नाही. त्या वर्षीच्या रामनवमीला, म्हणजे १६ एप्रिल रोजी, टाटांच्या धरणाच्या कामावर आमच्या मावळ्यांनी ठाण मांडले आणि सेनापती बापटांच्या नावाशी कायमचा जडलेला मुळशी सत्याग्रह सुरू झाला. त्याच वर्षी लोकमान्यांच्या नावाने एक कोटी रुपयांचा टिळक स्वराज्य फंड जमविण्याचा संकल्प राष्ट्रसभेने सोडला होता. आणि इकडे मुळशी पेट्यातील शेतकरी आपल्या वडिलार्जित खाचरांसाठी झगडत असताना, तिकडे मुंबईत ८ जुलै रोजी या फंडाच्या मदतीसाठी एक असा नाट्यप्रयोग झाला, की ज्याची आठवण रसिकांच्या चार पिढ्यांनी जपून ठेवली. बालगंधर्व आणि केशवराव भोसले हे दोन नट-गायक दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे मालक. दोघांच्या चाहत्यांत विस्तव जात नसे. हे दोघे खाडिलकरांच्या ‘मानापमाना’त भामिनी आणि धैर्यधर म्हणून एकमेकांसमोर उभे राहिले, आणि ‘संयुक्त मानापमान’ या नावाने तो प्रयोग मराठी रंगभूमीच्या इतिहासात नोंदला गेला. पुढे तीन महिन्यांच्या आतच, ४ ऑक्टोबरला, केशवराव निवर्तले.

या प्रयोगाकडे मी मुद्दाम आपले लक्ष वेधतो, कारण निधी-संकलनाचे जेवढे शहाणपण त्यात साठलेले आहे तेवढे मला अन्यत्र क्वचितच आढळले. त्या रात्री नाट्यगृहात बसलेल्या एकाही प्रेक्षकाला आपल्यापुढे कोणी झोळी पसरली आहे असे वाटले नसेल. त्याला जे मिळाले ते त्याने मोजलेल्या दामापेक्षा मोठे होते, आणि फंडाला त्याचा वाटा मिळाला. शिवाय त्या दोघांनी जे दिले ते त्यांना सर्वांत उत्तम येत असलेले होते. दोघांनी मिळून भज्यांचे दुकान थाटले असते तर त्यांच्या नावाखातर गर्दी उसळली असती, यात संशय नाही, पण मराठी माणसाने त्या भज्यांची आठवण शंभर वर्षे ठेवली नसती. आपल्यापैकी कोणी उत्तम गाते, कोणी चित्र काढते, कोणाला संगणकाची करामत अवगत आहे, कोणी हिशेबात निष्णात आहे; आणि निधी जमवावयाचा म्हटला की ही सर्व गुणी मंडळी कागदी ताटल्यांतून सँडविच विकावयास उभी राहतात. हा गुणांचा अपव्यय आहे.

दुसरी परंपरा याहून साधी आणि माझ्या मते अधिक मोलाची. आपल्या तालुक्याला लागूनच असलेल्या मावळात, तळेगाव दाभाडे येथे, पैसा फंडाचा काच कारखाना १९०८ साली निघाला. त्यामागची कल्पना अंताजी दामोदर काळे या गृहस्थांची. प्रत्येक माणसाने वर्षाकाठी फक्त एक पैसा द्यावा आणि त्यातून देशी उद्योगधंद्यांना भांडवल उभे राहावे, इतकीच ती कल्पना. त्या काळचा रुपया चौसष्ट पैशांचा. म्हणजे एक रुपया जमविण्यासाठी चौसष्ट माणसांच्या उंबरठ्यापर्यंत जाऊन आपले म्हणणे समजावून सांगणे आले. शहाण्यासुरत्या लोकांना हा खुळेपणा वाटला असल्यास नवल नाही, कारण एखाद्या संस्थानिकाला गाठून फंडाची सारी रक्कम एका दिवसात आणता आली असती. परंतु संस्थानिकाच्या देणगीतून कारखाना उभा राहिला असता तो त्याचा; पैशापैशाने उभा राहिला तो लोकांचा. लोकमान्यांनी या फंडाला आपला पाठिंबा दिला तो उगीच नव्हे. पुढे कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहांसाठी हेच सूत्र धान्याला लावले. दळताना किंवा रांधताना घरच्या बाईने मूठभर धान्य बाजूला ठेवावे, असा तो मुष्टिफंड. ज्या घरातून मूठ आली त्या घराला ते वसतिगृह परके राहिले नाही. त्याच वसतिगृहातील मुलांसाठी लक्ष्मीबाई पाटलांनी अंगावरचे सोने मोडले ही गोष्ट आपण पाठ्यपुस्तकात वाचली असेल. ती सांगताना मूठभर जोंधळे देणाऱ्या बायांचाही उल्लेख झाला पाहिजे, असे मला नेहमी वाटते.

तेव्हा आपल्याला जे उत्तम येते ते द्यावे, आणि थोडे थोडे पुष्कळांकडून घ्यावे, या दोन गोष्टी ध्यानात ठेवून आपल्याच मुलखात काय काय करता येईल, ते पाहू. पुढे जे सांगतो त्यात मौज भरपूर आहे, याची हमी देतो.

सर्वांत मोठी मौज आवणीची. ज्यांना मुळशीत येऊन एकच पावसाळा झाला आहे त्यांच्यासाठी सांगतो, की भाताची लावणी जिला म्हणतात तिलाच आम्ही आवण म्हणतो. चैत्र-वैशाखात राब भाजावयाचे, मृगाच्या सुमारास त्यात दाढ टाकावयाची, आणि आषाढात रोपे वीतभर उंच झाली म्हणजे ती उपटून, त्यांच्या जुड्या बांधून, चिखलणी केलेल्या खाचरात लावावयाची, असा हा क्रम. हे काम पंधरा-वीस दिवसांत उरकावे लागते, साऱ्या गावाचे एकदमच निघते, आणि हल्ली तर घरटी एखादाच धडधाकट माणूस शेतावर उरलेला असल्यामुळे माणसांवाचून खाचरे तशीच पडून राहतात. नेमक्या याच वेळी आपल्या महाविद्यालयांची सत्रे नुकतीच सुरू झालेली असतात, नवीन मुले आलेली असतात, आणि त्यांच्या ओळखी व्हाव्यात म्हणून नाना प्रकारचे खेळ बंद सभागृहात योजले जात असतात. त्याऐवजी दहा-दहा जणांची पथके करून, शेतकऱ्याशी आगाऊ बोलून, दोन दिवस खाचरात उतरावे. मजुरी रोख न घेता सुगीला तांदळाच्या रूपाने घ्यावी. आणि तो तांदूळ कापडी पिशव्यांत भरून, पिशवीवर शेतकऱ्याचे नाव, गाव व वाण हाताने लिहून, दिवाळीनंतर पुण्यात विकावा. आंबेमोहराचा घास मुखात घालताना तो कोणाच्या खाचरातला आहे आणि कोणा मुलीने तो लावला आहे हे ज्याला कळेल, तो कोथरूडचा गृहस्थ बाजारभावापेक्षा चार पैसे अधिक देताना कुरकुर करणार नाही. मात्र पिशवीत इंद्रायणी असेल तर इंद्रायणीच लिहावे. आंबेमोहर उत्पन्नाला कमी आणि तयार व्हावयाला उशिराचा असल्यामुळे बहुतेकांनी केव्हाच सोडला आहे, आणि वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून निघालेल्या इंद्रायणीलाही स्वतःचा वास आणि स्वतःची अब्रू आहे.

आवणीचे काम दिसते तेवढे सोपे नाही, हेही सांगून ठेवतो. डाव्या हातात जुडी, उजव्या हाताच्या तीन बोटांनी दोन-तीन काड्या वेगळ्या करून त्या चिखलात दाबावयाच्या आणि मागे मागे सरकत जावयाचे. वर वर खोचले तर पाण्याचा जरा हेलकावा बसताच रोप सुटून तरंगू लागते; अंगठा फार खोल गेला तर रोप जगते, पण त्याला फुटवे धरत नाहीत, आणि ही चूक दिसते ती महिन्याभराने, लावणारा आपल्या वसतिगृहात परतल्यावर. म्हणून पहिला अर्धा दिवस शेतकऱ्याच्या घरच्या बाईच्या हाताखाली शिकण्यात जाऊ द्यावा, तिने लाव म्हटल्याशिवाय हात लावू नये. शहरातून मोटारी भरभरून येणारे आणि फी भरून चिखलात लोळून जाणारे पाहुणे आम्ही पाहतो. त्यांच्या मौजेला माझी हरकत नाही, ती त्यांनी रिकाम्या खाचरात करावी. आणखी एक पथ्य फार महत्त्वाचे आहे. आवणीच्या मजुरीवर ज्या बायांचे आषाढाचे चार दिवस निघतात त्यांच्या हातचे काम आपण काढून घेऊ नये. जेथे पैसे देऊनही माणूस मिळत नाही तेथेच जावे. एका गरिबाची रोजी बुडवून दुसऱ्या गरिबाला मदत करणे यात कोणता परोपकार साधतो, ते मला उमगत नाही.

आवणीच्या आगेमागेच रानभाज्यांचा हंगाम. टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी, चाईचा मोहोर ही नावे आपल्यातील पुष्कळांनी ऐकलीही नसतील. कातकरी वाडीवरच्या एखाद्या आजीबाईला मात्र त्यांची ओळख डोळे मिटून, केवळ बोटांनी पटते. या बायांना सन्मानाने बोलावून, त्यांच्याकडून शिकून, आपल्या भोजनगृहात एक दिवस रानभाज्यांचे जेवण मांडावे, तिकीट लावावे, पुण्याच्या खवय्यांना निमंत्रण द्यावे. पहिल्या पावसात वर येणारी शेवळे नुसती शिजवून पानात वाढली तर जेवणाराच्या घशाला अशी खाज सुटते, की तो पुन्हा आपल्या संस्थेच्या आवारात पाऊल ठेवणार नाही. त्यांच्यात काकडाची फळे घातली म्हणजे ती खाज मरते, हे ज्ञान कोणत्याही पाकपुस्तकाच्या आधी या बायांजवळ होते. म्हणून माझी अट अशी, की तिकिटाच्या वसुलीतून पहिला पैसा जावा तो या बायांच्या मानधनाकडे, आणि तो ठरवून, आगाऊ सांगून, त्यांच्या हातात पडावा. उरेल तो निधी. ज्या वाडीच्या नावाने निधी जमवावयाचा त्याच वाडीवरच्या बाईला फुकट राबवावयाचे, हा प्रकार अजाणतेपणी होतो. अजाणतेपणी झाला तरी तो प्रकार तोच.

नाटकवाल्यांना एक खास सूचना. पुण्याच्या महाराष्ट्रीय कलोपासक संस्थेची पुरुषोत्तम करंडक स्पर्धा १९६३ पासून चालत आली आहे, आणि तिच्या पायी महाविद्यालयांतील मुले तहानभूक विसरून तालमी करतात हे सर्वश्रुत आहे. परंतु महिनोन्‌महिने घासून बसविलेली एकांकिका स्पर्धेत एकदा किंवा फार तर दोनदा होते आणि मग तिचे नेपथ्य अडगळीत पडते. तीच एकांकिका मदतीचा प्रयोग म्हणून पौडला, घोटवड्याला, कोळवणला, माल्याला का होऊ नये? देवळापुढच्या पटांगणात दहा रुपये तिकीट ठेवावे आणि पुण्याच्या प्रयोगाला दोनशे. दोन्हींची वसुली एकाच खात्यात जमा व्हावी. गावातला प्रेक्षक दहा रुपये देऊन आपल्याच मुलांच्या निधीत भागीदार होतो, आणि आपले नाटक त्याला कळत नसेल तर तसे तोंडावर सांगण्याचा हक्कही त्याला प्राप्त होतो. हा दुसरा लाभ परीक्षकांच्या शेऱ्यापेक्षा मोठा आहे, असे कोणताही अनुभवी नट आपल्याला सांगेल.

दिवाळीच्या सुट्टीत जे मागे राहतात त्यांनी गावातल्या मुलांबरोबर मातीचे किल्ले करावेत. कोराईगड, घनगड, कैलासगड हे तीन किल्ले आपल्या तालुक्याच्या हद्दीत आहेत, आणि ते ज्यांनी पायांखाली घातले आहेत त्या पोरांना त्यांच्या वाटा, टाकी आणि तुटके बुरूज नकाशावाचून ठाऊक असतात. माहिती सांगण्याचे काम त्यांच्याकडे द्यावे, आणि पाहावयास येणाऱ्याने ऐच्छिक पाच-दहा रुपये पेटीत टाकावेत. रद्दी गोळा करणे, आकाशकंदील करून विकणे, खाणावळीतील एक वेळचे जेवण सोडून त्याचे पैसे निधीला देणे, मैलामागे इतके अशा बोलीवर धावणे, या गोष्टी सर्वपरिचित आहेत व चांगल्या आहेत. त्यांविषयी अधिक लिहीत नाही. वसतिगृहे रिकामी होतात त्या वेळच्या बाजाराविषयी मात्र लिहिले पाहिजे. शेवटची परीक्षा झाली की गाद्या, बादल्या, टेबलावरचे दिवे, पंखे, सायकली, कोऱ्या वह्या आणि एकदाच वापरलेली पुस्तके यांचे ढीग मागे टाकून मुले आपापल्या देशी निघून जातात, आणि तो सारा माल भंगारवाल्याच्या टेम्पोतून जातो. तो आठ दिवस आधी गोळा करावा, धुऊन-पुसून, वस्तूवस्तूवर किंमत लिहून, रविवारी गावकऱ्यांसाठी विक्रीस मांडावा. किंमत अगदी अल्प असावी, पण असावी. कारण विकत घेणारा माणूस ताठ मानेने वस्तू पारखतो, नापसंत असेल तर परत ठेवतो, आणि दोन रुपये कमी करा म्हणून घासाघीसही करतो. त्या घासाघिशीत जी गंमत आहे ती सुरुवातीला आपल्याला कळणार नाही, दुपारपर्यंत कळेल.

आता काही कटू गोष्टी. समारंभ पार पडल्यावर मंडप, ध्वनिक्षेपक, छापील सदरे, फलक आणि पाहुण्यांचे चहापाणी यांचा खर्च वजा जाता हाती काय उरले, हे मी काही विद्यार्थ्यांना विचारले तेव्हा त्यांच्याजवळ जमेचा आकडा तयार होता, खर्चाचा नव्हता. जमेच्या निम्म्याहून अधिक रक्कम जर समारंभातच खर्ची पडत असेल, तर तो समारंभ आहे असे म्हणावे, निधी-संकलन म्हणू नये. सहल काढली म्हणून कोणी आपल्याला दोष देणार नाही. दुसरे असे, की फलकावर मुलांची छायाचित्रे छापण्याचा मोह आवरावा. फाटक्या सदऱ्यातील, शेंबडे नाक पुशीत उभे असलेले मूल पाहून देणगीदाराचे मन द्रवते हे खरे. पण ते मूल पुढच्या वर्षी दहावीला बसणार असते, त्याच रस्त्याने शाळेत जाणार असते, आणि आपला चेहरा भूगावच्या चौकात कशासाठी टांगला आहे हे त्याला वाचता येत असते.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो, कारण ती न सांगितली तर माझ्या जुन्या नोकरीशी मी प्रतारणा केल्यासारखे होईल. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० याच्या कलम ४१ सी अन्वये, नोंदणीकृत विश्वस्तसंस्था नसलेल्या कोणालाही धर्मादाय कारणासाठी लोकांकडून पैसा गोळा करावयाचा असल्यास धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. गणेशोत्सव मंडळे दर वर्षी ती घेतात, तेव्हा आपल्यालाही अवघड जाऊ नये. त्याहून सुलभ मार्ग म्हणजे नोंदलेल्या एखाद्या संस्थेचे लेखी अधिकारपत्र घेऊन तिच्याच पावतीपुस्तकावर, तिच्याच खात्यात पैसा जमा करणे. फलकावरील क्यू.आर. कोड संस्थेच्या खात्याचा असावा. कोणा उत्साही प्रतिनिधीच्या खाजगी खात्याचा असू नये, मग तो प्रतिनिधी कितीही सचोटीचा असो. ज्या देणगीदाराला आयकरात देणगीबद्दलची सवलत हवी असेल त्याच्याकडून दोन हजारांवरची रक्कम रोखीने घेऊ नये, कारण रोखीवर ती सवलत मिळत नाही. आपल्यातील जे सहाध्यायी परदेशांचे नागरिक आहेत, आणि खुबवलीच्या डोंगरावरील महाविद्यालयात असे पुष्कळ आहेत, त्यांनी दिलेली देणगी रुपयांत असली तरी कायद्याच्या नजरेने ती परकीय अंशदान ठरते, आणि ते स्वीकारण्याची नोंदणी सर्वच संस्थांजवळ नसते. म्हणून आधी विचारावे. आवणीला मात्र त्यांनी अवश्य यावे. सोडतीची तिकिटे विकून बक्षिसे वाटण्याच्या भानगडीत तर पडूच नये. सोडतींवर सरकारचे निर्बंध आहेत. आणि देवघेवीची प्रत्येक नोंद पावतीवर असावी, पावतीला स्थळप्रत असावी. ७ डिसेंबरच्या सशस्त्र सेना ध्वजदिनाचा निधी १९४९ पासून शाळकरी मुलांच्या हातून गोळा होत आला आहे; छोटासा ध्वज छातीवर लावून घेतल्यावर ते आठ-दहा वर्षांचे पोर चार आण्यांचाही हिशेब गुरुजींना चोख देत असे. आपण त्याहून मोठे आहात.

आणि आता ज्या गोष्टीसाठी मी मुख्यत्वे लेखणी उचलली ती सांगतो. निधी कशावर खर्च करावयाचा हे आजवर बहुधा आपल्या सभागृहात ठरते. दप्तरे, वह्या, बूट, क्वचित एखादा संगणक. जानेवारीत स्नेहसंमेलन, त्यातून निधी, आणि फेब्रुवारीत आपली गाडी दप्तरे घेऊन वाडीवर पोहोचते. परंतु कातकरी कुटुंबांपैकी कितीतरी जण दिवाळी आटोपली की वीटभट्ट्यांच्या आणि कोळशाच्या कामाला बिऱ्हाड घेऊन बाहेर पडतात, ते पावसाच्या तोंडावरच परततात; मुलेही त्यांच्याबरोबर जातात. आपण वाटलेली दप्तरे ज्यांना मिळतात ती मागे राहिलेली मुले. ज्यांची शाळा खरोखर तुटते त्यांच्या हातात त्यातले काही पडत नाही, आणि छायाचित्रांत हा फरक दिसत नाही. या मुलांना आजीआजोबांजवळ किंवा हंगामी वसतिगृहात मागे ठेवता आले तर त्यांचे वर्ष वाचते. त्यासाठी लागते ते सकाळ-संध्याकाळचे जेवण, रात्री सोबतीला एक विश्वासू बाई आणि थंडीची पांघरुणे. आणि हे सारे लागते ते दिवाळीच्या आधी, आश्विनात. फेब्रुवारीत ते निरुपयोगी. निधीची वेळापत्रके स्नेहसंमेलनाच्या तारखेवर न बेतता बिऱ्हाडे हलण्याच्या तारखेवर बेतली पाहिजेत, आणि ती तारीख आपल्याला वाडीवर जाऊन विचारल्याशिवाय कळणार नाही.

म्हणून अशी सूचना करतो, की प्रत्येक महाविद्यालयाने आपल्या जवळच्या एका जिल्हा परिषद शाळेशी वर्षभराचे नाते जोडावे; त्या शाळेच्या व्यवस्थापन समितीसमोर, जिच्यात कायद्याने तीन चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात, श्रावणातच जाऊन बसावे; काय हवे ते त्यांना विचारावे, आणि त्यांनी सांगितलेले आपल्याला कमी दिमाखाचे वाटले तरी तेच करावे. त्यांना कदाचित संगणक नको असेल, शाळेच्या मागची गळकी कौले बदलून हवी असतील. निधी-संकलनाच्या प्रत्येक पथकात त्या शाळेतील वरच्या वर्गाची दोन मुले तरी असावीत. आवणीत ती आपल्याला शिकवतील, किल्ल्यांच्या प्रदर्शनात माहिती सांगतील, आणि पैसा फंडाच्या न्यायाने त्यांच्या घरूनही एकेक रुपया येऊ द्यावा. तो रुपया गरिबाकडून कसा घ्यावा, असा संकोच आपल्याला वाटेल. तो घ्यावा. ज्याने एक रुपया दिला आहे तो उद्या भर सभेत उठून त्याचे काय केले म्हणून विचारू शकतो. ज्याला नुसते मिळाले आहे तो विचारीत नाही.

हिशेबाविषयी माझा आग्रह एकच आहे. समारंभ झाल्यापासून पंधरा दिवसांच्या आत जमा, खर्च आणि शिल्लक यांचा कागद मराठीत, ठळक अक्षरांत लिहून, दोन प्रतिनिधींच्या आणि व्यवस्थापन समितीच्या एका पालकाच्या सहीनिशी, ज्या गावासाठी निधी जमविला त्या गावच्या ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा. आपल्या संकेतस्थळावर टाकलेला हिशेब तेथे कोणी वाचत नाही.

यंदाच्या आषाढात ज्यांना आवणीस यावयाचे असेल त्यांनी ज्येष्ठ सरण्यापूर्वी आपापल्या जवळच्या गावी जाऊन शेतकऱ्यांशी बोलून दिवस नक्की करावेत, आणि येताना जुने कपडे आणावेत.

आपला,
पौड येथील एक निवृत्त अव्वल कारकून